ताकवालीच्या बोळाचं फाटक

तंजावूरहून तिरुवैयारूला जाताना वाटेत एक चढ होता. होता म्हणतो, कारण तो मीच काढला. लोक त्याला 'मामियार मेडु' म्हणायचे, म्हणजे सासूचा चढ. बैलगाडीत सगळं कुटुंब बसलेलं असायचं. चढ आला की बैल अडायचे. मग मुलगा उतरायचा, सून उतरायची, नातवंडं उतरायची आणि सगळी मिळून गाडीला मागून रेटा द्यायची. सासूबाई तेवढ्या पानाचा डबा मांडीवर घेऊन वर बसून राहायच्या आणि तिथूनच, रेटा कुणाचा कमी पडतोय, ते सांगायच्या.

मी तेव्हा जिल्हा बोर्डाच्या रस्त्यांवर नवा ओव्हरसियर होतो आणि अंगात रग होती. चढ खोदला, ती माती पुढच्या सखल भागात भरली, वर खडी टाकून रोलर फिरवला. पहिली बस त्यावरून न अडखळता गेली, त्या दिवशी मला मिशा असत्या तर मी त्यांना पीळ दिला असता. पुढे काही दिवसांनी त्याच बसमधून मी चाललो होतो. तुळतुळीत सपाट रस्त्यावर कंडक्टरने आरोळी ठोकली, "मामियार मेडु! मामियार मेडु उतरा!" एक म्हातारी उतरता उतरता शेजारणीला म्हणाली, "चढ कुणी नेला गं? आता सुनांना सासू कोण ते कळायचं कसं?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. चढ मला काढता आला, पण नाव काही निघालं नाही. आज वाटतं, थोडासा चढ ठेवायला हवा होता.

संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहा म्हटलं, तर मला पहिल्यांदा हा चढच आठवला. महाराष्ट्रातल्या वाचकांनी माझ्या मराठीला जरा सांभाळून घ्यावं. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर इकडे तंजावूरला आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि कचेरीत साहेबाची इंग्रजी, अशा तीन डबक्यांतून उड्या मारत माझा जन्म गेला. वडिलांनी कान पिळून देवनागरी गिरवून घेतली, म्हणून हे लिहू तरी शकतो. माझ्या बरोबरीच्या पुष्कळांना तेवढंही येत नाही.

ओव्हरसियर म्हणजे काय, ते आधी सांगतो. इंजिनियरच्या खालचा आणि मुकादमाच्या वरचा माणूस, आणि दोघांच्याही शिव्यांचा धनी. रस्ता करणं म्हणजे काळी पट्टी ओढणं नव्हे. आधी माती उकरायची, तळाला मोठे दगड बसवायचे, त्यावर बारीक खडी, मग पाणी मारून रोलर. डांबर आमच्या गावात सावकाश आलं. पहिल्यांदा चार राजवीथींवर, म्हणजे राजवाड्याभोवतीच्या मोठ्या रस्त्यांवर आलं आणि उन्हात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांना चिकटून घराघरांत गेलं. रस्त्याचा खरा वैरी बैलगाडी नाही आणि मोटारही नाही, पाणी आहे. म्हणून रस्ता मध्ये किंचित फुगीर ठेवायचा आणि दोन्ही कडांना गटार द्यायचं. हे ज्याला जमलं त्याला रस्ता जमला. मला जमलं होतं, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो.

पुढे मी नगरपालिकेत आलो. पन्नासच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. गावातल्या प्रत्येक रस्त्याला, गल्लीला, बोळाला नावाची पाटी लावायची, असं ठरलं. वर तमिळ, खाली इंग्रजी. आमच्या राजवाडा भागातल्या पाट्यांचं काम माझ्याकडे आलं. कचेरीला वाटलं, हे आठवड्याभराचं काम. मला मात्र त्या कामाने पुरतं पिळून काढलं, आणि उभ्या नोकरीत एवढी मजाही कुठल्या कामाने दिली नाही.

कारण एका बोळाला एक नाव नसतंच. धोब्याच्या तोंडी एक, टपालवाल्याच्या तोंडी दुसरं, आणि आमच्या मराठी घरांत तिसरंच. एका गल्लीत मी विचारायला गेलो, तर दोन्ही बाजूंची घरं हिरिरीने भांडायला उठली. या बाजूचे म्हणत, नाव आमच्या पणजोबांचं. त्या बाजूचे म्हणत, ते तर आमच्या पणजोबांचे कारकून. मी त्या गल्लीला तिथल्या चिंचेचं नाव देऊन टाकलं आणि दोन्ही घरांच्या शिव्या वाटून घेतल्या. त्यातून एक गोष्ट शिकलो. नाव विचारायचं ते दूधवाल्याला, म्हातारीला, किंवा डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला. ज्याचं घर सर्वांत मोठं, त्याला विचारायचं नाही.

अंबूअक्कांचा बोळ मला कुणाला विचारावाच लागला नाही. लहानपणापासून येण्याजाण्यातला. मोठ्या रस्त्याला लागून तोंड, पुढे एक गाडी जेमतेम जाईल एवढी रुंदी, आणि पार आत शेवटाला एकच घर, अंबूअक्कांचं. आम्ही त्याला 'ताकवालीचा बोळ' म्हणत असू. तमिळ नावाचा अर्थही तोच. गोष्ट अशी सांगतात, की राजांच्या काळात पंगुनी महिन्याच्या, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्राच्या उन्हात देवीची पालखी इथून चालली होती आणि पालखीचे भोई उन्हाने गळून गेले. बोळाच्या शेवटी राहणाऱ्या एका ताक विकणाऱ्या बाईने विकायला काढलेलं सगळं ताक त्यांना पाजून टाकलं. तेव्हापासून दर वर्षी देवी मोठा रस्ता सोडून या बोळात शिरते, शेवटापर्यंत येते, ताकाचा नैवेद्य घेते आणि मग मागे फिरून पुढे जाते. त्या बाईच्या जागेवर पुढे अंबूअक्कांच्या सासरच्यांनी घर बांधलं, आणि घराबरोबर ताकही त्यांच्याकडे आलं.

मी एकदा गमतीने म्हटलं होतं, "म्हणजे अक्का, तुम्ही त्या ताकवालीच्या वंशातल्या."

"नाही रे बा," अक्का म्हणाल्या होत्या. "ती तमिळ बाई. आम्ही तिच्या जागेंत राहातों, म्हणून तिचें काम करितों. एवढेंच."

अक्कांना मूलबाळ नव्हतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. पोटासाठी त्या अप्पळम करायच्या, म्हणजे उडदाचे पातळ पापड. सकाळी उजाडता उजाडता आजूबाजूच्या पाच-सहा बायका पोळपाट-लाटणी घेऊन बोळातून आत यायच्या. रात्री भिजवलेलं पीठ कुटायचं, लाटायचं, आणि ऊन वर येईपर्यंत गच्चीवर चटयांवर पसरून टाकायचं. दुपारी हातगाडी यायची आणि हॉटेलांना माल जायचा. अक्कांचं आणि त्या बायकांचं घर यावर चालायचं. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण या सगळ्याला लागणारी वाट एकच होती, तो बोळ.

मी पाटी रंगवून घेतली आणि ती लावायला माणूस घेऊन गेलो, तर बोळाच्या तोंडाशी फाटक. दोन जाडजूड सागवानी खांब, त्यांना लोखंडी बिजागऱ्या, आणि आत एक राखणदार विडी ओढत बसलेला. मी कपाळाला हात लावला.

फाटक नटेश मुदलाळींचं. मुदलाळी म्हणजे मालक. त्यांची तांदळाची मोठी पेढी होती. बोळाच्या तोंडाशी उजवीकडचं घर त्यांचं पहिल्यापासून. डावीकडचंही घर त्यांनी नुकतंच घेतलं होतं आणि तिथे गोदाम केलं होतं. माणूस वाईट नव्हता. देवळाला तांदूळ द्यायचा, दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नसे. पण दोन्ही बाजूच्या भिंती आपल्या झाल्यावर मधली जागाही आपलीच, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि एकदा मनाने घेतलं की त्यांना ते न्यायाचंच वाटे.

"दोन्ही भिंती माझ्या, ओव्हरसियर सार," ते मला ओसरीवर बसवून, स्वतःच्या हाताने कॉफी देऊन म्हणाले. "आता मधली हवा तेवढी कुणाची म्हणता? गोदामात माल असतो. गुरं शिरतात, चोर शिरतील. आणि अक्कांना मी कुठे अडवलंय? त्यांनी हाक मारावी, फाटक उघडेल."

हाक मारली की फाटक उघडायचं, हे खरं होतं. पण किल्ली असायची मुदलाळींच्या कमरेला, आणि मुदलाळींची सकाळची पूजा लांबलचक. बायका पोळपाट काखेत घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहायच्या, घंटा वाजत राहायची, आणि आत अक्कांचं पीठ सुकत जायचं. उडदाचं पीठ कुणाची आरती संपेपर्यंत थांबत नाही. दोन बायकांनी यायचं सोडलं. हातगाडीवाला म्हणाला, मला दहा ठिकाणी जायचंय. शिवाय मुदलाळींनी गोड शब्दांत निरोप धाडला होता, की अक्कांना या वयात त्रास होत असेल तर ते घर आपण घेऊ, अक्कांनी देवळाजवळ खोली घेऊन सुखाने राहावं.

मी तडक कचेरीत गेलो आणि आमच्या कमिशनर साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब मद्रासकडचे, कमी बोलणारे, कडक, पण सरळ. त्यांनी सर्व्हेचा नकाशा मागवला. नकाशात तिथे दोन रेघा होत्या, आणि त्या रेघांमधली जागा रस्ता की अंगण, हे नकाशा काढणाऱ्याने सांगितलं नव्हतं. त्यालाही बहुतेक त्या उन्हात ताक प्यायचं असेल.

"ओव्हरसियर," साहेब म्हणाले, "तुम्ही मराठी, ती बाई मराठी. उद्या मुदलाळी म्हणतील, यांनी आपल्या माणसासाठी माझी जागा घेतली. मला पुरावा द्या. हा बोळ गावाचा आहे, असं गावाने उघडपणे मानलेलं दाखवा. मग फाटक मी काढायला लावीन. तोपर्यंत पाटी ठोकायची नाही."

मला राग आला. साहेबांचा आला, मुदलाळींचा आला, आणि सर्वांत जास्त त्या दोन रेघांचा आला. उभ्या गावाला जे ठाऊक आहे त्याला आणखी पुरावा कसला द्यायचा? पण साहेबांचं बोलणं चुकीचं होतं, असंही म्हणवेना. पाटी कचेरीतल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि येताजाता मला खिजवू लागली.

मी अक्कांकडे गेलो. राखणदाराने फाटक उघडेपर्यंत मीही बाहेर ताटकळलो, आणि तेव्हा मला त्या बायकांचं दुःख नीट समजलं. अक्का ओसरीवर एकट्याच लाटत बसल्या होत्या. साहेब काय म्हणाले ते मी सांगितलं. त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"पुरावा पाहिजे म्हणतात तुमचे साहेब?"

"हो."

"मग त्यांस उत्सवाला घेऊन ये. म्हणावें, ताक प्यायला या."

"अक्का, साहेबांना ताक पाजून काय होणार?"

आता मात्र त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी शाळेतल्या बाकावर बसल्यासारखा झालो. "सदा, तूं ह्याच गांवचा ना? पालखी बोळाच्या तोंडाशी आली म्हणजे वेलू काय विचारतो?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जन्मभर दर वर्षी पाहिलेली गोष्ट, पण कचेरीच्या कामात ती कधी आठवलीच नव्हती.

वाचकांना ती चाल सांगायला हवी. आमच्या भागातली ही देवी कुणाच्या खासगी आवारात पाऊल टाकत नाही. रस्त्यावरची म्हणजे सगळ्यांची, असा तिचा बाणा. म्हणून मोठा रस्ता सोडून कुठल्याही गल्लीत वळण्याआधी भोयांचा म्होरक्या वेलू हातातली चांदीच्या मुठीची काठी जमिनीवर आपटतो आणि मोठ्याने विचारतो, "इथून पुढे कुणाचं?" त्या गल्लीतल्या पहिल्या घराचा मालक पुढे येतो आणि उत्तर देतो, "अम्माचं आणि गावाचं!" अम्मा म्हणजे देवी. मग पालखी आत वळते, आणि उत्तर देणाऱ्याला पहिला मान मिळतो. देवीच्या अंगावरचं रेशमी वस्त्र त्याच्या डोक्याला बांधतात, गळ्यात तिचा हार घालतात, आणि तो पालखीपुढे चालतो. या मानासाठी आमच्याकडे भावाभावांत अबोले झालेले आहेत.

ताकवालीच्या बोळाचं पहिलं घर मुदलाळींचं. दर वर्षी छाती फुगवून उत्तर तेच देत आले होते. डोक्याला रेशमी वस्त्र बांधलेला त्यांचा फोटो पेढीवर गादीच्या मागे टांगलेला होता. यंदा फाटक लावताना त्यांना चोर आठवले, गुरं आठवली, वेलूचा प्रश्न तेवढा आठवला नाही.

"पण अक्का," मी म्हटलं, "त्यांनी उत्तर दिलंच नाही तर? मान गेला तर गेला, जागा राहील, असं ठरवलं तर? पालखी सरळ निघून जाईल. मग साहेबांसमोर, सगळ्या गावासमोर, बोळ त्यांचाच झाला."

"ठाऊक आहे मला." अक्कांनी पुन्हा लाटणं हातात घेतलं. "तसें झालें तर मी घर देऊन टाकीन. पण विचारूं तर दे."

मुदलाळींना आधी जाऊन समजवावं, असं वाटत होतं. पण समजवलं असतं तर माणूस सावध झाला असता, देवळाच्या विश्वस्तांना गाठलं असतं, काहीतरी मधला मार्ग काढला असता. साहेबांना मात्र मी सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिले. मग म्हणाले, "शेजारचा मालक स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत गावाची वाट म्हणाला, तर त्याहून मोठा पुरावा मला नको. माझ्या बायकोलाही पालखी बघायची आहे."

उत्सवाच्या दिवशी सकाळी मी पाटी, दोन माणसं, पहार आणि हातोडा असा सरंजाम घेऊन बोळासमोरच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. साहेब आणि त्यांची बायकोही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मुदलाळींनी फाटकाला केळीचे खांब बांधले होते, आंब्याची तोरणं लावली होती. फाटक सताड उघडं होतं. स्वतः मुदलाळी जरीकाठी धोतर नेसून, अंगाला चंदन लावून, नारळ-कापराचं ताट घेऊन उभे. शेजारी पाटावर त्यांची म्हातारी आई बसलेली. सकाळपासून उपाशी, देवीचं दर्शन झाल्याशिवाय पाणी घेत नसे. आत बोळाच्या शेवटी अक्का पांढरं लुगडं नेसून, ताकाच्या भल्यामोठ्या हंड्याजवळ उभ्या होत्या. आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता घातलेलं पातळ ताक. एवढ्या लांबूनही मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

नादस्वर, म्हणजे आमच्याकडची लांब सनई, जवळ आला. ढोल जवळ आला. पालखी बोळाच्या तोंडाशी थांबली आणि भोयांनी टेकण काठ्या लावल्या. वेलू काठी घेऊन पुढे आला. तो थांबला. त्याने फाटकाच्या खांबांकडे पाहिलं, बिजागऱ्यांकडे पाहिलं, वर तोरणाकडे पाहिलं.

"हे काय?" तो म्हणाला.

"फाटक आहे, वेलू," मुदलाळी हसून म्हणाले. "उघडं आहे. ये आत."

"फाटक म्हणजे घर," वेलू म्हणाला. "अम्मा कुणाच्या घरात जात नाही, मुदलाळी. तुम्हाला माहीत आहे."

ढोल थांबला. वेलूच्या मनात काही डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. मी त्याला भेटलोही नव्हतो. त्याला रीत ठाऊक होती आणि तो रीतीने वागत होता. त्याने काठी जमिनीवर आपटली आणि दर वर्षीसारखं विचारलं, "इथून पुढे कुणाचं?"

मुदलाळींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि साहेबांवर येऊन थांबली. मग माझ्यावर आली. त्या क्षणी त्यांना सगळं समजलं. माणूस व्यापारी होता, हिशेब झटकन करायचा, आणि तो हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता. एका बाजूला गोदामाचं आवार, दुसऱ्या बाजूला डोक्यावरचं वस्त्र. ते ताटातला नारळ नीट करत राहिले.

वेलूने थोडं थांबून पाहिलं. मग तो भोयांकडे वळला. "सरळ," तो म्हणाला. "उचला."

भोयांनी खांदे लावले. पालखी हलली. आत अक्कांनी पदर सावरला आणि हंड्यावर झाकण ठेवलं. ते झाकण ठेवणं मी अजून विसरलो नाही.

आणि तेवढ्यात मुदलाळींची आई पाटावरून उठली. ती बाई दोघांच्या आधाराशिवाय कधी उठत नसे. "नटेशा!" तिने असा आवाज टाकला, की नादस्वरवाला दचकून मागे सरला. "तुझ्या बापाने उत्तर दिलं, आज्याने दिलं. तुझ्या जिभेला काय झालं? अम्मा दारातून परत चालली, आणि तू ताट धरून उभा!"

मुदलाळींच्या कपाळावरचं चंदन घामाने ओघळलं. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा पालखीकडे. आणि मग त्या माणसाने छाती भरून अशी आरोळी दिली, की राजवाड्यापर्यंत ऐकू गेली असेल. "अम्माचं! अम्माचं आणि गावाचं!"

ढोल कडाडला. लोकांनी गजर केला. मी सरकारी माणूस, पण मीही हात वर करून ओरडलो, आणि माझ्या शेजारी साहेबांची बायको ओरडत होती.

पालखी आत वळली आणि अडली. पालखीचे आडवे दांडे फाटकाच्या खांबांमधल्या जागेहून रुंद. भोयांनी तिरकी करून पाहिली, मागे घेऊन पाहिली. वेलूने मान हलवली. आता मुदलाळींना वस्त्र बांधायची वेळ आलेली, देवी दारात अडकलेली, आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघतंय. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या माणसाच्या हातातल्या पहारीवर पडली.

"ओव्हरसियर सार!" ते ओरडले. "बघत काय उभे राहिलात? काढा हे खांब!"

इतक्या आनंदाने मी हुकूम कधी पाळला नाही. माझी माणसं धावली, पेढीवरचे हमाल धावले, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता तेही धावले. एक खांब सुटला, दुसरा सुटला, केळीच्या खांबांसकट बाजूला पडला. मुदलाळींच्या डोक्याला देवीचं वस्त्र बांधलं गेलं, गळ्यात हार पडला, आणि ते पालखीपुढे असे चालू लागले, की जणू बोळ त्यांनीच बांधून गावाला अर्पण केला आहे. अक्कांनी हंड्यावरचं झाकण काढलं. देवीला नैवेद्य झाला, भोयांना पहिलं ताक मिळालं, मग मुदलाळींना, मग सगळ्यांना. साहेबांनी पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "पाटी आणली आहे ना?"

पाटी कुठे लावायची, यावरून मुदलाळींनी थोडा वाद घातला. मी गोदामाच्या कोपऱ्यावर लावत होतो. ते म्हणाले, पहिलं घर माझं, पाटी माझ्या भिंतीवर. खिळे त्यांनी स्वतःच्या घरातून आणून दिले. मी नोकरीत खूप पाट्या ठोकल्या, पण इतकी सरळ कुठलीच बसली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी मुद्दाम तिकडून गेलो. मुदलाळींच्या घरात पूजेची घंटा वाजत होती आणि बायका काखेत पोळपाट घेऊन, गप्पा मारत, कुणालाही हाक न मारता आत चालल्या होत्या. सोडून गेलेल्या दोघीही त्यांत होत्या. फाटकाच्या खांबांचे खड्डे मी त्याच दिवशी बुजवले, वर खडी टाकून पक्के दाबले, आणि बोळ मध्ये किंचित फुगीर ठेवून दोन्ही कडांना गटार दिलं.

पुढे काही वर्षांनी, साठच्या दशकात, मी एका दुपारी अक्कांकडे बसलो होतो. बोळाच्या तोंडाशी कुणी परगावचे पाहुणे पाटी वाचत उभे होते. तेवढ्यात मुदलाळी आपल्या ओसरीवरून उठले आणि त्यांना गोष्ट सांगू लागले. ताकवाली कशी होती, ऊन कसं होतं, भोई कसे गळले, बाईने कसा हंडा रिकामा केला. आवाज खणखणीत, बोळाच्या शेवटापर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती बाई जणू त्यांची सख्खी आजी असावी, अशा थाटात सांगत होते. "आणि तेव्हापासून," ते म्हणाले, "आमच्या घराण्याने ही वाट गावासाठी उघडी ठेवली आहे!"

मी ताडकन उठलो. "अक्का, हे जरा जास्तच होतंय. मी जाऊन सांगून येतो त्यांना."

"बैस रे," अक्का म्हणाल्या. त्या हसत होत्या. त्यांनी हंड्यातून पेला भरला आणि माझ्या हातात दिला. "उन्हांत एवढें बोलून घसा सुकला असेल त्याचा. हें ताक नेऊन दे."